मलिक अंबर कोणत्या रकान्यात बसवायचा?

१९९९ साली ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा संगणकावरचा खेळ आला, तेव्हा त्यात १३ संस्कृती होत्या. ब्रिटन, फ्रँक, केल्ट, गॉथ, ट्यूटन, व्हायकिंग आणि बायझंटाइन हे युरोपातले. चिनी, जपानी, मंगोल हे पूर्वेचे. तुर्क, पर्शियन आणि सारासेन हे मधल्या पट्ट्यातले. रोमन साम्राज्य पडल्यानंतरच्या हजार वर्षांचं जग या तेरा नावांत मावतं, असं खेळ रचणाऱ्यांनी धरून चाललेलं होतं. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचं त्यात कुणी नव्हतं. हिंदुस्थानातलंही नव्हतं. आपली पाळी आली २०१३ साली, ‘द फरगॉटन’ नावाच्या पुरवणीत. त्यानंतर दोन वर्षांनी, २०१५ च्या नोव्हेंबरात, ‘द आफ्रिकन किंगडम्स’ ही पुरवणी आली आणि बर्बर, मालियन व इथिओपियन खेळात उतरले. त्याच पुरवणीत पोर्तुगीजही आले. त्यांची गाठ पुढे पडेलच.

मी राहतो बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये. इथल्या काडू मल्लेश्वराच्या देवळाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख आहे आणि इनाम देणारे आहेत एकोजीराजे भोसले, म्हणजे शहाजीराजांचे चिरंजीव आणि शिवछत्रपतींचे सावत्र भाऊ. संपिगे रोडवर फुलांच्या गर्दीतून देवळाकडे वळणाऱ्या मराठी पाहुण्यांना हे सांगितलं की ते हरखतात, आणि हरखावंच. पण त्या नावापासून मागे गेलं की आणखी एक गोष्ट हाती लागते. एकोजींचे वडील शहाजीराजे बेंगळुरूला आले आदिलशाहीचे सरदार म्हणून, १६३८ साली. त्याआधी ते निजामशाहीत होते. तिथे तरुण वयात ज्याच्या हाताखाली ते लढाई शिकले, तो माणूस इथिओपियात जन्मला होता. मलिक अंबर.

म्हणून मध्ययुगीन आफ्रिका खेळात आणणं हा विषय मराठी वाचकाला दूरचा वाटायचं कारण नाही. या खेळांनी आफ्रिकेला जागा दिली, हे चांगलंच झालं. ज्या पद्धतीने दिली, त्यात आपल्याशी असलेलं तिचं नातं मात्र निसटून गेलं, असं माझं म्हणणं आहे. ते पटवायचं तर आधी या खेळात ‘संस्कृती’ म्हणजे काय असतं, ते पाहावं लागेल.

खेळ सुरू होतो तो एका छोट्या वस्तीपासून. थोडी माणसं, एक मुख्य इमारत, आजूबाजूला झाडं, हरणं, दगड आणि सोनं. माणसं लाकूड तोडतात, शेती करतात, सोनं खणतात. त्या मिळकतीतून घरं, बराकी, किल्ले उभे राहतात. मग सैन्य, मग लढाई. हा सांगाडा सगळ्यांना सारखाच. फरक पडतो तो काही टक्क्यांनी. एका संस्कृतीचे तिरंदाज जरा भरभर बाण सोडतात, दुसरीची जहाजं स्वस्त पडतात, तिसरीला घोडदळातला सर्वांत भारी स्वार मिळतच नाही. त्यावर एखादा खास सैनिक, एकदोन खास शोध, इमारतींचं रूप आणि शिपायांच्या तोंडची भाषा. एखाद्या समाजाचा पाचशे वर्षांचा इतिहास एवढ्या चार-सहा गोष्टींत उतरवायचा असतो. खेळ रचणाऱ्याचं कौशल्य लागतं ते इथे. कोणता टक्का कशासाठी दिला, यावरून त्याने इतिहास किती वाचला ते कळतं.

मालीचं पाहा. २०१५ च्या पुरवणीत मालियनांना दिलेली पहिली सवलत अशी की त्यांच्या इमारतींना १५ टक्के लाकूड कमी लागतं. वरवर पाहता ही साधी काटकसर वाटेल. पण नायजर नदीच्या वळणावरची जेन्ने, तिंबक्तू ही शहरं मातीची आहेत. उन्हात वाळवलेल्या विटा, त्यावर मातीचा गिलावा, आणि भिंतीतून बाहेर डोकावणारे लाकडी वासे. हे वासे शोभेपुरते नसतात. पावसाने भिंती झिजतात, गिलावा दरवर्षी नव्याने द्यावा लागतो, आणि त्या वेळी याच वाशांवर पाय ठेवून माणसं वर चढतात. जेन्नेच्या मोठ्या मशिदीचा गिलावा आजही सारं गाव मिळून करतं. आज दिसते ती इमारत १९०७ सालची, पण बांधायची रीत शतकांची. जिथे झाडं कमी, तिथे माणसांनी लाकूड जपून वापरायची वास्तुकला घडवली. १५ टक्क्यांमागे एवढं सगळं आहे, आणि ते ज्याने शोधलं त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

दुसरी सवलत अशी की मालियन आपल्या बाजूने असले की साऱ्या मित्रपक्षांच्या विद्यापीठांत शोध ८० टक्के वेगाने लागतात. हा तिंबक्तूचा मान. मालीचा सुलतान मनसा मुसा १३२४ साली हजला निघाला, तो कैरोवरून गेला. त्याने तिथे इतकं सोनं वाटलं आणि खर्चलं की बाजारात सोन्याचा भाव पडला. अल-उमरी या लेखकाने साधारण बारा वर्षांनी कैरोतल्या लोकांशी बोलून हे लिहून ठेवलं, आणि तेव्हाही भाव पुरता सावरला नव्हता असं त्याचं म्हणणं आहे. ही गोष्ट सगळे सांगतात. पुढची फारसं कुणी सांगत नाही: परतताना मुसा आपल्यासोबत अंदलुसियाचा अल-साहिली हा कवी-स्थपती घेऊन आला, तिंबक्तूत जिंगरेबेर मशीद उभी राहिली, आणि पुढच्या दोन शतकांत ते शहर हस्तलिखितांचं आणि फकीहांचं, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्र्यांचं, शहर झालं. सोन्यापेक्षा त्या पोथ्यांची आठवण विद्यापीठाच्या सवलतीत ठेवली गेली, हे योग्य झालं.

सोन्याबद्दल खेळ जे सांगत नाही ते असं, की मालीच्या राजांना सोन्याइतकंच मीठ महत्त्वाचं होतं. सहाराच्या मधोमध तेगाझा नावाची खाण होती. १३५२ साली इब्न बतूता तिथून गेला, तेव्हा घरं आणि मशीद मिठाच्या लाद्यांची आणि वर छप्पर उंटाच्या कातड्याचं, असं त्याने पाहिलं. या लाद्या उंटांवर लादून दक्षिणेला जायच्या आणि तिकडून सोनं उत्तरेला यायचं. दोन टोकांना दोन गरजा, मध्ये वाळवंट, आणि ते ओलांडणाऱ्या तांड्यांवर ज्याचा कर तो राजा. १२३५ च्या सुमारास किरिनाच्या लढाईत सुमांगुरु कांतेला हरवून सुंदियाताने मालीचं राज्य उभारलं, ते या वाटांच्या जोरावर. सुंदियाताची मोहीम खेळात आहे, मीठ नाही. लाकूड, अन्न, दगड आणि सोनं या चार मालमत्तांच्या सांगाड्यात पाचवी गोष्ट बसत नाही, एवढंच त्याचं कारण.

२०२२ साली ‘एज ऑफ एम्पायर्स ४’मध्ये माली आली, तेव्हा हा सांगाडा थोडा हलला. तिथे सोन्याच्या शिरेवर एक खाण बांधता येते आणि ती आपोआप, सावकाश सोनं देत राहते. गुरं पाळता येतात. लढाई सोडून वस्ती कुठे वसवावी याचा विचार करायला लावणारा हा बदल आहे, आणि सहेल प्रदेशाच्या जास्त जवळचा.

चुकाही झाल्या. मालियनांचा खास सैनिक म्हणून २०१५ मध्ये ‘ग्बेतो’ दिली, सुऱ्या फेकणारी स्त्री योद्धा. ग्बेतो या मूळच्या दाहोमीच्या, आजच्या बेनिन देशातल्या हत्ती मारणाऱ्या शिकारी बायका. दाहोमीचं राज्य सतराव्या शतकात उभं राहिलं. मालीचा वैभवकाळ त्याआधी तीनशे वर्षं, आणि जागाही दुसरी, भाषाही दुसरी. दुसरी चूक डोळ्यांना दिसणारी: मालियन आणि इथिओपियन दोघांना इमारतींचं एकच रूप दिलं, मातीच्या भिंती आणि वासे. बामाकोपासून अदिस अबाबापर्यंतचं अंतर जवळजवळ ५,००० किलोमीटर. इथिओपियाच्या पठारावर दगड आहे. लालिबेलाला बाराव्या-तेराव्या शतकात अखंड कातळ वरून खाली कोरत नेऊन अकरा चर्च काढली आहेत. वेरूळचं कैलास पाहिलेल्या माणसाला ती रीत सांगावी लागत नाही. अशा देशावर मातीची घरं चढवणं म्हणजे आफ्रिका हा सगळा एकच गाव असल्यासारखं वागवणं.

आपल्याही वाट्याला हेच आलं होतं. २०१३ साली आले ते ‘इंडियन्स’. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच, उंटांवर स्वार झालेली संस्कृती. पंचगंगेच्या काठी कुणी उंटांचं दळ उभारल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ आली, जुन्या इंडियन्सचे हिंदुस्तानी झाले आणि सोबत बंगाली, द्रविडियन, गुर्जर असे तीन नवे गट आले. गोंधळ कमी झाला. देवगिरीचे यादव, बहमनी, निजामशाही मात्र अजून कोणत्याच गटात नीट बसत नाहीत. मराठे एका मोठ्या खेळात स्वतंत्रपणे खेळता आले ते ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये, २००९ साली, पण तो काळ अठराव्या शतकाचा. दख्खनचं मध्ययुग अजून वाटच पाहतंय.

आता आफ्रिका आणि दख्खन शेजारी ठेवून पाहा. घोड्यापासून सुरुवात करू, कारण या खेळात घोडदळ म्हणजे अर्धी लढाई.

पश्चिम आफ्रिकेत दक्षिणेकडे जंगल दाट होत जातं तशी त्सेत्से माशी वाढते. ती चावली की घोड्याला रोग होतो आणि तो मरतो. त्यामुळे मालीचं आणि नंतरच्या सोंघाईचं घोडदळ गवताळ प्रदेशात अजिंक्य होतं आणि जंगलाच्या कडेला येऊन थांबत होतं. राज्याची दक्षिण सीमा माशीने आखली, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. चांगले घोडे उत्तरेकडून वाळवंट ओलांडून विकत आणावे लागत, आणि त्यांची किंमत गुलामांतही मोजली जाई. दख्खनमध्येही चांगल्या घोड्याची पैदास होत नसे. बहमनी आणि विजयनगर दोघेही अरबस्तान-इराणचे घोडे चौल, दाभोळ, गोव्याच्या बंदरांतून घ्यायचे, आणि गोवा कुणाकडे यावर युद्धं व्हायची. हा नियम खेळात आणणं अवघड नाही. घोडेस्वार तबेल्यात तयार होऊ द्यायचेच नाहीत. ते बंदरातून किंवा तांड्यातून विकत घ्यावे लागतील आणि जंगलात शिरले की त्यांचा जोर ओसरत जाईल. एवढ्या एका नियमाने माली आणि बहमनी दोघांचंही राजकारण खेळणाऱ्याच्या बोटांना कळेल. चढाईआधी बंदर का घ्यायचं, हे त्याला कुणी सांगावं लागणार नाही.

इथिओपियाला असाच स्वतःचा नियम हवा होता. खेळाने त्यांना भरभर बाण सोडणारे तिरंदाज दिले आणि शोटेल ही विळ्यासारखी वाकडी तलवार दिली, जी शत्रूच्या ढालीला वळसा घालून मागे पोचते. तलवार खरी आहे. पण १२७० मध्ये येकुनो अमलाकने सॉलोमनी घराणं गादीवर आणल्यानंतर कितीतरी पिढ्या या राजांना कायमची राजधानीच नव्हती. हजारो तंबूंची छावणी एका पठारावर पडायची, आजूबाजूचं धान्य आणि सरपण संपलं की दुसरीकडे जायची. राजा जिथे, तिथे राज्य. ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये मुख्य इमारत एकदा बांधली की हलत नाही. इथिओपियनांची ती हलायला हवी होती आणि ती जिथे थांबेल तिथलं जंगल झपाट्याने सरायला हवं होतं. औरंगजेबाची छावणी पंचवीस वर्षं दख्खनमध्ये कशी फिरत होती, हे ज्याने वाचलंय त्याला या नियमातली मजा लगेच उमगेल.

पूर्व किनाऱ्यावरची स्वाहिली शहरं, किल्वा, मोंबासा, मालिंदी, ही तर २०१५ च्या यादीत स्वतंत्र संस्कृती म्हणून आलीच नाहीत. वास्तविक आपल्या किनाऱ्याशी सगळ्यात जवळचा संबंध त्यांचा. सोफाळ्याचं सोनं किल्व्याच्या हातून समुद्रात उतरायचं, आणि त्याच्या बदल्यात हिंदुस्थानचं सुती कापड आणि काचेचे मणी जायचे. ग्रेट झिंबाब्वेच्या दगडी तटांच्या आत, समुद्रापासून कित्येक दिवसांच्या वाटेवर, असे मणी उत्खननात सापडले आहेत. हा व्यापार चालवत होते मोसमी वारे. हिवाळ्यात ईशान्येकडून, पावसाळ्याच्या आगेमागे नैर्ऋत्येकडून. कोकणातल्या नाखव्याला हे पाठ असतं: कधी निघायचं आणि कधी गलबत वर ओढून ठेवायचं. खेळातली जहाजं बारमाही धावतात. ऋतूप्रमाणे समुद्र उघडला आणि मिटला असता, तर व्यापारी वस्तीला दुसऱ्या किनाऱ्यावर सहा महिने राहावंच लागलं असतं. लग्नं, भाषा, मशिदी आणि वखारी अशाच मुक्कामातून जन्मल्या.

ही दोन्ही जगं पाहिलेला एक माणूस इतिहासात आहेच. इब्न बतूता १३३१ च्या सुमारास किल्व्याला होता. नंतर तो दिल्लीला मुहम्मद तुघलकाचा काझी झाला, आणि १३४२ च्या सुमारास दिल्लीहून निघून दौलताबाद, नंदुरबारवरून पश्चिम किनाऱ्याला उतरला. मराठ्यांबद्दल त्याने लिहिलं आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर तो ज्या ताफ्यातून निघाला, त्या जहाजांवर हबशी शिपाई पहाऱ्याला होते, आणि एखादा हबशी जरी जहाजावर असला तरी चाचे त्या जहाजाच्या वाटेला जात नाहीत, असं त्याने नोंदवून ठेवलं. मालीला तो गेला ते त्यानंतर दहा वर्षांनी. म्हणजे चौदाव्या शतकातच अरबी समुद्राची राखण आफ्रिकेतून आलेली माणसं करत होती. जंजिऱ्याचा सिद्दी हे काही आकाशातून पडलेलं प्रकरण नव्हतं.

पोर्तुगीज इथे भेटतात. २०१५ च्या पुरवणीतली त्यांची मोहीम फ्रान्सिस्को द आल्मेदाची आहे. आल्मेदाने १५०५ साली किल्वा आणि मोंबासा लुटलं. १५०८ च्या मार्चमध्ये त्याचा मुलगा लोरेन्सो चौलच्या खाडीत मारला गेला, आणि त्याचा सूड घेत १५०९ च्या दीवच्या लढाईकडे जाताना बापाने वाटेत आपलं दाभोळ जाळलं. मराठी मुलं हा डाव खेळतात तेव्हा ती आल्मेदाच्या बाजूने खेळतात, कारण खेळात दुसरी बाजूच दिलेली नाही. किल्व्याचा व्यापारी आणि दाभोळचा व्यापारी यांना एकाच शत्रूने साडेतीन वर्षांच्या अंतराने लुटलं, ही साधी गोष्ट त्या मोहिमेतून हाती लागत नाही.

आता मलिक अंबरकडे येऊ. त्याचा जन्म १५४८ च्या सुमाराचा. त्याआधी इथिओपियाचं ख्रिस्ती राज्य आणि अदल सल्तनत यांच्यात १५२९ ते १५४३ असं भीषण युद्ध होऊन गेलं होतं. अदलचा इमाम अहमद ग्रान्याने निम्म्याहून अधिक देश पालथा घातला, आणि शेवटी तो पोर्तुगीज बंदुकवाल्यांची मदत घेतलेल्या इथिओपियन फौजेकडून मारला गेला. अशा उलथापालथीत दोन्हीकडून माणसं पकडली जात आणि तांबड्या समुद्रापलीकडे विकली जात. अंबरही विकला गेला, मोखा, बगदाद असे बाजार पाहत अहमदनगरला पोचला. तिथे त्याला विकत घेतलं निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने, आणि चंगेजखान स्वतः हबशी होता. गुलाम विकत घेणारा पेशवा पूर्वी स्वतः गुलाम, ही दख्खनची रीत. मालक वारल्यावर अंबर मोकळा झाला, थोडे घोडेस्वार जमवले, चाकऱ्या केल्या. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला तेव्हा निजामशाही संपली असं सगळ्यांना वाटलं. अंबरने एका राजपुत्राला परांड्याला गादीवर बसवलं आणि पुढची पंचवीस वर्षं अकबराच्या आणि जहांगीराच्या फौजा अडवून धरल्या. खडकी वसवली, डोंगरातून जमिनीखालच्या नहरीने तिला पाणी आणलं. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. जमीन महसुलाची घडी बसवली. जहांगीर त्याच्यावर इतका चिडलेला होता की दरबारी चित्रकार अबुल हसनने बादशहा अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे असं चित्र काढलं. ते आज डब्लिनच्या संग्रहात आहे. अंबर त्या वेळी जिवंत होता, आणि १६२६ साली म्हातारा होऊन मेला. त्याची कबर खुलदाबादला आहे.

या माणसाला खेळात कुठे ठेवायचं? इथिओपियन म्हणावं तर त्याचं राज्य, त्याची भाषा, त्याचे सैनिक, त्याचा पराक्रम सगळा दख्खनचा. हिंदुस्तानी गटात टाकावं तर जन्म गेला. प्रत्येक संस्कृती स्वतंत्र रकान्यात, ही या खेळांची मूळ रचना. अंबरसारखी माणसं त्या रकान्यांच्या मधल्या रेघेवर उभी असतात. विजापूरचा इखलासखान, इब्राहिम रोज्याच्या बांधकामाशी ज्याचं नाव जोडलं गेलं तो मलिक संदल, पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर, सगळे त्याच रेघेवरचे. आपणही त्यांना शत्रूच्या रकान्यात टाकून मोकळे झालो. जौहर लक्षात राहिला, शिवरायांच्या बाजूने लढलेला सिद्दी हिलाल कुणाला आठवत नाही.

गुलामगिरीचं काय करायचं, हा खेळ रचणाऱ्यापुढचा खरोखर अवघड प्रश्न आहे. माणसं विकणं-घेणं ही खेळातली एक मालमत्ता केली, तर ते लाजिरवाणं होईल. लाकूड-सोन्याच्या ओळीत माणूस मांडून मुलांना मोजायला लावायचं, हे मला सहन होणार नाही. आणि ती गोष्ट पूर्ण गाळली, तर अंबर दख्खनला कसा आला याचं उत्तर उरत नाही. मला वाटतं वाट मधून आहे. खेळणाऱ्याला विकणारा करायचं नाही. त्याला विकला गेलेला करायचं. मोहिमेची सुरुवात हाती काहीही नसलेल्या एका माणसाने व्हावी: वस्ती नाही, सोनं नाही, आज्ञा दुसऱ्याची. पहिल्या टप्प्यात जिंकणं म्हणजे फक्त टिकून राहणं. मग मालक मरतो, मग शंभर-दीडशे स्वार, मग एक किल्ला. आपल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, अंकोल्याच्या रानात आणि बेळगावच्या खानापुरात आजही सिद्दी कुटुंबं राहतात. त्यांतल्या पुष्कळांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्याला आणलेले गुलाम होते. उत्तर कन्नडातल्या सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. ती मुलं हा खेळ खेळतील तेव्हा त्यांना स्वतःची गोष्ट कुठून दिसावी, याचा विचार रचणाऱ्याने केलाच पाहिजे.

या मोहिमेचा शिखरबिंदू भातवडी. १६२४ सालची ही लढाई अहमदनगरजवळ झाली. एका बाजूला मोगल आणि आदिलशाहीची एकत्र फौज, संख्येने मोठी, तोफा आणि सामान घेऊन चाललेली. दुसऱ्या बाजूला अंबर, त्याच्याबरोबर शहाजीराजे, त्यांचे भाऊ शरीफजी आणि इतर मराठे सरदार. अंबरने समोरासमोर लढाई दिलीच नाही. तो मागे सरत गेला, रसद तोडत गेला, आणि भातवडीच्या तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूच्या वाटेवर चिखल केला. छावणीवर रात्री छापे पडू लागले, धान्य संपत आलं, माणसं फुटून जाऊ लागली. मग हल्ला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी पडला, मोगल सरदार कैद झाले. शरीफजीही याच लढाईत कामी आले. परमानंदाच्या ‘शिवभारता’त या लढाईचं वर्णन आहे, आणि मोगलांच्या बाजूच्या तवारिखाही उपलब्ध आहेत, माहितीची वाण नाही.

नेहमीच्या नियमांनी ही लढाई खेळता येणार नाही, कारण नेहमीच्या नियमांत जास्त सैन्य आणि भारी तोफा असणारा जिंकतो. इथे शत्रूच्या सैन्याला भूक लागली पाहिजे. दर काही मिनिटांनी त्याला धान्य पोचलं नाही तर त्याचे शिपाई थोडे थोडे गळाले पाहिजेत. हलक्या घोड्यांना चिखलातून जाता यावं, तोफांच्या गाड्यांना नाही. बांध कधी फोडायचा हे खेळणाऱ्याने ठरवावं: लवकर फोडला तर पाणी वाहून जाईल, उशीर केला तर शत्रू पार होईल. आणि खेळणाऱ्याच्या ताब्यात एकाच रकान्यातले सैनिक नसावेत. हबशी पायदळ, मराठे बारगीर, दख्खनी तिरंदाज असे एकत्र असावेत, एका वेळी एकाच सेनापतीच्या हुकमात. या खेळासोबत प्रसंग रचण्याचं जे साधन मिळतं, त्यात कोणत्याही पक्षाला कोणताही सैनिक देता येतो, मैत्री आणि वैर मधेच बदलता येतं, एका पक्षाची माणसं दुसऱ्याच्या हवाली करता येतात. म्हणजे यातलं पुष्कळसं आजही घरबसल्या करता येण्यासारखं आहे. बेंगळुरूत खेळ बनवणाऱ्या कंपन्या भरपूर आहेत आणि त्यांत काम करणारी मराठी पोरंही. हे काम त्यांनी हातात घ्यावं अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

मैत्री बदलण्याची ती सोय पुढच्याच टप्प्यात लागेल. भातवडी जिंकल्यावर वर्षभरातच शहाजीराजे आणि अंबर यांचं बिनसलं आणि राजे विजापूरला गेले. पुढे ते निजामशाहीत परतले, तिचा शेवटचा वारस गादीवर बसवून स्वतः ती सांभाळायचा प्रयत्न केला, म्हणजे नेमकं जे अंबरने १६०० मध्ये केलं होतं तेच केलं. १६३६ मध्ये तो डाव मोडला. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या आदिलशाही फौजेबरोबर ते बेंगळुरूपुढे उभे राहिले, केंपेगौडाच्या वंशजाकडून हा किल्ला घेतला गेला आणि ही जहागीर त्यांच्याकडे आली. खेळणाऱ्याच्या हाताखालचा भातवडीचा तरुण सरदार या टप्प्यात स्वतः सेनापती असेल, आणि चिखल, रसद, रात्रीचे छापे हे सगळं शिकून आलेला असेल.